चौथ्या क्रमांकाची अल्पभूधारक

माझ्या नातवंडांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुमच्यातल्या थोरलीने मला एक प्रश्न विचारला आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. तिला कॉलेजात निबंध लिहायचा आहे. दोन देशांची सरकारं शेतकऱ्याला खत, बियाणं, औषध यांवर काय सवलत देतात, याची तुलना. तिने इंग्लंड घेतला, कारण तुम्ही तिथे राहता, आणि भारत घेतला, कारण मी इथे राहते. काळ घेतला सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा. जुने नियम वाचून तिने तक्ताही केला आहे. मला म्हणाली, "आजी, इंग्लंडमध्ये जो जास्त खत घेईल त्याला जास्त सवलत होती. तुमच्याकडे लहान शेतकऱ्याला आधी. कागदावर तर भारतच जास्त न्यायी दिसतो. बरोबर ना?"

"बघून सांगते," म्हणून मी फोन ठेवला. बघायचं काही नव्हतं. आमच्या गावापुरता तो कागद मीच लिहिला होता. पट्टीने रेघा मारून, लाल शाईचा समास आखून, माझ्या अक्षरात तो तालुक्याला गेला होता. ही हकिकत मी तुमच्या बाबांनाही कधी धड सांगितलेली नाही. आता तेच तुम्हाला हे वाचून दाखवतील. मध्ये एके ठिकाणी त्यांचाही उल्लेख आहे, तिथे ते घुटमळतील. त्यांना पुढे वाचायला लावा.

मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि निबंध पुढच्या महिन्यात द्यायचा आहे. म्हणून आत्ताच लिहिते, आणि क्रमाने लिहिते.

माझं माहेर नगर शहरातलं. इंग्रजी घेऊन बी.ए. झाले आणि लग्न होऊन कोल्हारच्या अलीकडे, प्रवरेच्या पाटाखालच्या एका गावात आले. सासरी चाळीसेक एकर बागायत होती, बहुतेक ऊस. माझे सासरे, मामंजी, गावच्या सोसायटीचे चेअरमन होते. सोसायटी म्हणजे शेतकऱ्यांची सहकारी संस्था. सरकारकडून खत आलं, बियाणं आलं, की ते तिच्या गोदामात उतरायचं आणि तिथून वाटलं जायचं. तालुक्याच्या ऑफिसात तेव्हा अजून बरंच इंग्रजी चालायचं आणि गावात इंग्रजीत अर्ज लिहिणारी मी एकटी. मामंजी पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या सूनबाईंचा अर्ज गेला की साहेब चष्मा पुसून वाचतो."

मला ते आवडायचं, हे कबूल करते. मला पहिल्यापासून नीटनेटकेपणाचा सोस. स्वयंपाकघरात डब्यांना चिठ्ठ्या लावल्या तर सासूबाई हसल्या होत्या, "मीठ काय आपल्याला वळखू येत न्हाई व्हय?" सोसायटीचे कागद मात्र मला हवे तसे लावायला मिळाले.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. पाटाखालची आमच्यासारखी गावंही त्यात सुटली नाहीत, कारण धरणातच पाणी नव्हतं. आमचा ऊस वाळला आणि आम्ही हळहळलो, एवढंच. चारीच्या शेवटाला ज्यांची जमीन होती ते वर्षभर सरकारी कामावर खडी फोडत होते. चारी म्हणजे पाटातून शेतांकडे काढलेला लहान कालवा. तिच्या तोंडाशी आमची जमीन आणि शेवटाला मावशीची.

मावशी नात्याने आमची कुणी नव्हती, पण सगळं गाव तिला मावशी म्हणायचं. तिची तीन एकर जमीन होती. नवरा होता, पण त्याचा शेताला उपयोग नव्हता. तो मारुतीच्या पारावर बसून दुसऱ्यांच्या शेताबद्दल मतं द्यायचा. नांगरणी सोडली तर सगळं ती करायची. पाण्याची पाळी आली की रात्र असो दिवस असो, स्वतः उभी राहून दारं धरायची, म्हणजे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायची. दुष्काळात ती खडीवर गेली आणि तिथे मिळणारी अमेरिकेची लाल मिलो ज्वारी खाऊन तिचं सगळं घर आजारी पडलं. पुढच्या पावसाळ्यानंतर तिने तीनही एकरांत बुटका मेक्सिकन गहू पेरला. मला म्हणाली होती, "औंदा कनगीत माझं दानं पडलं पायजेत. पुन्हा हातात हातोडी घ्याची न्हाई मला." त्या गव्हाचं एक होतं, पाणी आणि युरिया वेळेवर मिळाला तर तो दुप्पट यायचा आणि नाही मिळाला तर देशी गव्हापेक्षाही वाईट.

आणि त्याच हंगामात युरिया दिसेनासा झाला. जगात तेल महागलं, खताची जहाजं येईनात, असं रेडिओ सांगायचा. सरकारने ठरवलं की थोडंफार आहे ते पाच एकरांच्या आतल्या शेतकऱ्याला सवलतीत, माणशी दोन गोणी, आधी द्यायचं. अशा शेतकऱ्याला कागदावरचा शब्द अल्पभूधारक. थोरले, तुझ्या तक्त्यात हाच नियम आला असणार. नियम चांगला होता. मी तो तेव्हा इंग्रजीत वाचला आणि मला सरकारचं कौतुक वाटलं होतं.

आता आमच्या घराकडे या. जमिनीवर कमाल मर्यादा येणार, जास्तीची सरकार काढून घेणार, अशी चर्चा दोन वर्षं चालू होती. म्हणून मामंजींनी आधीच खातेफोड करून घेतली होती. खातेफोड म्हणजे एका खात्यावरची जमीन फोडून वेगवेगळ्या नावांवर करणं. चूल एक, गोठा एक, उसाची मोळी एकाच गाडीत जायची, पण तलाठ्याच्या दप्तरात आम्ही नऊ वेगळे शेतकरी झालो होतो. पुण्याला लेकीकडे अंथरुणाला खिळलेल्या चुलत सासूबाई एक. धाकटे दीर, त्यांची बायको. मी, चार एकरांची मालकीण. आणि तुमचे बाबा. ते तेव्हा दीड वर्षाचे होते. त्यांच्या नावावर साडेचार एकर होते आणि नावापुढे लिहिलं होतं, 'अज्ञान, पालनकर्ती आई'. अज्ञान म्हणजे कायद्याने सज्ञान नसलेला.

(इथे ते घुटमळले असतील.)

मामंजी एका सकाळी मला म्हणाले, "सूनबाई, अल्पभूधारकांची यादी करायचीय. साहेबांना स्वच्छ पायजे. दोन दिवसांत द्या."

मी सात-बाराचे उतारे घेऊन बसले. सात-बारा म्हणजे कोणती जमीन कुणाची, हे सांगणारा सरकारी उतारा. पाच एकरांच्या आतले बत्तीस खातेदार निघाले. त्यात आम्ही नऊ.

मी विचारलं, "मामंजी, हे नऊ तर आपल्याच घरातले आहेत."

"कागद बघून बोला. कागदावर काय हाय?"

"कागदावर वेगळे आहेत."

"मग? तुम्ही शिकलेल्या. कागदावर न्हाई ते लिहू नका, कागदावर हाय ते गाळू नका. एवढंच सांगतो."

हे मला पटलं. नवलाची गोष्ट म्हणजे तेव्हा मला ते फार तत्त्वाचं वाटलं. मी एकही खोटं नाव घातलं नाही आणि एकही खरं नाव गाळलं नाही. राहिला प्रश्न क्रमाचा. मामंजींनी क्रम सांगितला नव्हता. नावं आडवीतिडवी लिहिणं मला जमेना, म्हणून मी सर्व्हे नंबरप्रमाणे लावली, चारीच्या तोंडापासून शेवटापर्यंत. नकाशावर बोट ठेवत गेलं की यादी सरळ उतरायची. त्यात आमची नऊ नावं पहिल्या नऊ जागांवर बसली. मी चौथी. मावशी एकतिसावी.

यादी घेऊन मामंजी तालुक्याला गेले ते खुशीत परत आले. तिथला विस्तार अधिकारी, ज्याने प्रत्येक नावाची शेतावर जाऊन खात्री करायची होती, तो म्हणाला होता, "ही बाईंची यादी ना? मग बघायला कशाला पाहिजे." त्याने प्रत्येक नावापुढे बरोबरची खूण केली. आणि ऑफिसातल्या कारकुनांनी येताजाता टेबलावरची ती यादी एकमेकांना दाखवली म्हणे, असं असावं अक्षर. रात्री जेवताना हे सगळ्यांसमोर सांगितलं गेलं. मी पोळ्या वाढत होते. मला छान वाटलं.

ट्रक आला तेव्हा त्यात चौसष्ट गोण्या नव्हत्या. बाविसाव्या नावापर्यंत पुरल्या. आमच्या अठरा गोण्या गोदामात फार वेळ राहिल्याही नाहीत, थेट आमच्या घराशेजारच्या छपरात आल्या, कारण उसाला भर द्यायची, म्हणजे खत टाकून बुंध्याशी माती लावायची होती. मी त्या मोजून भिंतीला सरळ लावून घेतल्या आणि ओल लागू नये म्हणून खाली फळ्या टाकायला लावल्या.

दुसऱ्या दिवशी मावशी आली. ती अंगणात उभी राहिली, ओट्यावर चढली नाही.

"वयनी, माझ्या दोन गोन्या?"

"मावशी, यादीत तुमचं नाव आहे. मी स्वतः लिहिलंय. पण गोण्याच कमी आल्या."

"माझं नाव लिवलं हुतंस?"

"हो. एकतिसावं."

"मंग पुसलं कुनी?"

"कुणीच नाही पुसलं. बाविसाव्यापर्यंतच पुरलं खत."

ती छपराकडे बघत राहिली. दार उघडं होतं आणि गोण्या दिसत होत्या. "बुधवारी पाटाची पाळी हाय," ती म्हणाली. "पान्याआदी खत पडलं तर गहू उचलंल. मागनं पडून उपेग न्हाई. तुला काय सांगाचं, तू बी शेतकरी हायस. चौथी."

गावात यादी सगळ्यांना पाठ झाली होती. मला वाटलं होतं, ती फक्त ऑफिसात वाचली गेली.

सोमवारी पाहुणा आला. दुष्काळात विहिरी खणायला मदत करणारी विलायतेतली मंडळी जिल्ह्यात आली होती, त्यांच्याबरोबर आलेला एक साठीचा इंग्रज शेतकरी. त्याला परत जाण्याआधी भारतातलं शेत बघायचं होतं. विस्तार अधिकाऱ्याने त्याला आमच्याच गावी आणलं, कारण इथे यादी स्वच्छ होती आणि भाषांतराला सून होती. गोदामाच्या ओट्यावर चहा झाला. वीसेक लोक जमले. मी डोक्यावर पदर घेऊन मध्ये उभी.

लोकांनी विचारलं, तुमचं सरकार तुम्हाला काय देतं? त्याने सांगितलं, खतावर सवलत आहे, आणि चुन्यावर आहे. त्यांच्याकडे पाऊस फार, त्याने जमीन आंबट होते, म्हणून शेतात चुना टाकावा लागतो, त्यातला काही भार सरकार उचलतं.

मी हे मराठीत सांगितलं. मग मागून एक म्हातारा म्हणाला, "चुना देतंय सरकार. कात अन् सुपारी कोन देतंय, ते इचार की त्याला."

सगळे हसले. दुसरा म्हणाला, "म्हंजी वावराला पान खाऊ घालत्यात."

इंग्रजाला मी हे जसंच्या तसं सांगितलं, पान म्हणजे काय तेही सांगितलं. तोही हसला. माणूस बरा होता. हात आमच्या गड्यांसारखेच होते, भेगाळलेले. मग मामंजींनी विचारायला लावलं, ही सवलत कुणाला मिळते? तो म्हणाला, जो खत घेईल त्याला. जेवढं खत तेवढी सवलत. मग ज्याची शेती मोठी त्यालाच जास्त? हो, म्हणाला, त्यालाच जास्त, आणि तो जरा ओशाळला.

विस्तार अधिकारी खूश झाला. इंग्रजीत म्हणाला, "आमच्याकडे तसं नाही. आम्ही लहानाला आधी देतो," आणि त्याने फाइलमधून माझी यादी काढून त्याच्या हातात दिली. इंग्रजाने ती उलटसुलट पाहिली, अक्षराची तारीफ केली. मग म्हणाला, "यातल्या कुणाचं शेत बघता येईल का? अगदी लहान शेतकऱ्याचं." वरची नावं अधिकाऱ्याने दाखवायची शक्यता नव्हती. चौथी अल्पभूधारक समोर उभी राहून भाषांतर करत होती आणि पाचवा सासूबाईंच्या कडेवर होता. त्याने घाईने पान उलटलं, आणि पान उलटल्यावर जी नावं आली ती चारीच्या शेवटाची.

आम्ही चारीने चालत गेलो. मावशी बांधावर होती, हातात खोरं. गहू वीतभर झाला होता आणि पानांची टोकं पिवळी पडायला लागली होती. इंग्रज खाली बसला, एक पान तोडून बोटांत चुरलं, माती उकरून पाहिली. मला म्हणाला, "हिला विचारा, खत दिलं का याला?"

मी विचारलं.

"न्हाई."

"का नाही, विचारताहेत."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग मामंजींकडे. मामंजी हसून म्हणाले, "बोल की. पाव्हनं लांबून आल्यात."

"मंग सांग त्यास्नी," ती मला म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "माझं खत ह्यांच्या छपरात हाय म्हनावं. तुझ्या नावानं हाय, तुझ्या लेकराच्या नावानं हाय, पुन्याच्या म्हातारीच्या नावानं हाय. दीड वर्साचं पोरगं शेती करतंय म्हनावं. आदी त्याचं वावर बघून या, मंग माझं बघा." आणि तिने खोऱ्याने आमच्या घराकडे दाखवलं.

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी बी.ए.ला दुसऱ्या वर्गात आले होते आणि त्या शिवारात तिचं म्हणणं त्या माणसापर्यंत पोहोचवू शकणारं माझ्याखेरीज कुणी नव्हतं. विस्तार अधिकाऱ्याला दोन्ही भाषा कळत होत्या. तो पाटाच्या पाण्याकडे बघत होता, आणि पाट कोरडा होता.

मी इंग्रजीत म्हणाले, "त्या म्हणतात, खत यायचं आहे. त्या वाट पाहताहेत."

व्याकरणाने वाक्य निर्दोष होतं.

इंग्रजाने मान हलवली. मग त्याने मावशीच्या खोऱ्याच्या दिशेने बघितलं, तिथून आमचं छप्पर आणि त्याचं उघडं दार स्पष्ट दिसत होतं. त्याने पुन्हा काही विचारलं नाही. परतताना तो माझ्या बरोबरीने चालत होता. हळूच म्हणाला, "आमच्या भागात सगळ्यात जास्त सवलत मला मिळते. माझी शेती मोठी आहे. मला कधी कुणाच्या नावाची गरज पडली नाही, कायदाच माझ्या बाजूचा आहे." थोडं चालून म्हणाला, "तुमचा कायदा वाचायला जास्त चांगला आहे."

तो टोमणा होता की कबुली, हे मला आजही ठरवता येत नाही. दोन्ही असेल. मला त्याची किळस आली आणि स्वतःची त्याहून जास्त.

संध्याकाळी तुमच्या आजोबांना म्हणाले, "मावशीच्या दोन गोण्या आजच पाठवा. परवा पाणी आहे."

ते म्हणाले, "पाठवू. पण आज नको. आज पाठवल्या तर तिचं खरं होतं असं व्हईल. साहेबाचा आजच्या भेटीचा अहवाल वर जाऊ दे." मग समजावण्याच्या स्वरात म्हणाले, "तू निभावून नेलंस ते बरं केलंस. वडील म्हणत होते, पोरगी हुशार आहे."

त्या कौतुकाने मला खरोखरच ओकारी आली. मी मोरीत जाऊन आले. सासूबाईंना वाटलं, मला दिवस गेलेत. त्यांनी लिंबू कापून दिलं. मी स्वतः गाडी जुंपायला लावून गोण्या नेऊ शकले असते. तुम्हाला वाटेल, सुनेला तेवढी मोकळीक नव्हती. तेवढी होती. मामंजी मला नाही म्हणाले नसते, नुसते माझ्याकडे बघत राहिले असते. त्या बघण्यापुढे मी थांबले.

बुधवारी पाणी आलं. मावशीने रात्रभर दारं धरली आणि नुसतं पाणी दिलं. पाणी परत पाठवता येत नाही.

शनिवारी अहवाल गेला. रविवारी मामंजींनी दोन गोण्या बैलगाडीत घालायला लावल्या आणि गाडी पारावरून नेली, जवळच्या वाटेने नाही. पारावर मावशीचा नवरा बसला होता. तो उठून मामंजींच्या पाया पडला. "चेअरमननी घरातलं खत दिलं," हे दुपारपर्यंत गावभर झालं. ज्या गोण्या नियमाने तिच्या होत्या त्या आता आमचं दान झाल्या होत्या. पारावरचे लोक म्हणाले, चेअरमनचं काळीज मोठं. त्यांतल्या सात-आठ जणांची नावं माझ्या यादीत बाविसाव्यानंतर होती.

मी गाडीमागून गेले. मावशीने गोणी फोडली आणि ओल्या वाफ्यांतून मुठीने युरिया फेकायला सुरुवात केली. मीही पदर खोचून एक पाटी घेतली. तिने मला अडवलं नाही.

मग म्हणाली, "त्या गोऱ्याला काय सांगितलंस गं?"

"सांगितलं, की खत यायचंय."

ती थांबली. "मंग खरंच सांगितलंस म्हनाचं," ती म्हणाली. "आलं की."

आणि ती हसली. ते हसणं मी पन्नास वर्षं ऐकते आहे.

गहू झाला, पण जिथे ओल टिकली होती त्या बांधालगतच्या पट्ट्यातच दाणा भरला. उरलेलं तसंच पिवळं वाढलं. कणगी अर्धीसुद्धा भरली नाही. चैत्रात रस्त्याचं काम निघालं तेव्हा मावशी हातोडी घेऊन गेली. आमच्या अठरातल्या सगळ्या गोण्या उसाला लागल्याच नाहीत. तीन उरल्या. वळवाच्या पावसात फळ्यांवर ठेवूनही त्यांना ओल लागली आणि आतला युरिया दगडासारखा झाला. गडी तो हातोडीने फोडत बसले होते. मावशीचं खडी फोडणं आणि हे, दोन्ही मी एकाच आठवड्यात पाहिलं.

पुढच्या हंगामात मी यादी लिहायला नकार दिला. मला वाटलं होतं, माझं स्वच्छ अक्षर नसेल तर कुणीतरी नावं तपासेल. धाकट्या दिरांनी यादी लिहिली. शाईचे डाग, खाडाखोड, दोन नावं दोनदा. तीही तशीच मंजूर झाली. आमची नऊ नावं पहिल्या नऊ जागांवर होती. म्हणजे माझ्या नीटनेटकेपणाची त्यांना गरजही नव्हती. मी तो फुकट दिला होता.

आता निबंधाचं. थोरले, तुझा तक्ता चुकीचा नाही. दोन्ही रकाने बरोबर आहेत. इंग्लंडात कायद्याने मोठ्याला जास्त मिळायचं, आणि तो इंग्रज ते सांगताना निदान ओशाळला. आमच्याकडे कायद्याने लहानाला आधी होतं, म्हणून आम्ही मोठे कागदावर लहान झालो, आणि आमच्यातलं कुणी ओशाळलं नाही. तुला आणखी एक रकाना वाढवायला हवा, गोणी कुणाच्या छपराखाली उतरली याचा. तो कुठल्याही सरकारी पुस्तकात मिळणार नाही. माझं नाव घालून लिहायचं असेल तर लिही, माझी हरकत नाही. मी काय भाषांतर केलं तेही लिही.

मावशी जाऊन बरीच वर्षं झाली. तिची तीन एकर तिच्या लेकीच्या मुलाकडे आहे. तो कांदा करतो, रस्त्यात भेटला तर मला आजी म्हणतो. त्याला हे माहीत आहे की नाही, मी विचारलेलं नाही. यादीची कार्बन प्रत माझ्या कपाटाच्या खालच्या खणात, निळ्या फाइलमध्ये आहे. खातेफोडीतली ती चार एकर जमीन अजून माझ्या नावावर आहे, आणि साडेचार एकर तुमच्या बाबांच्या.